ट्रायलला घाबरायचं आणि ट्रीटमेंटला पैसे मोजायचे?

इंदूरच्या मराठी वर्तुळात सध्या एका विषयावर फार तावातावानं बोललं जातं. तिशीतच पाळी थांबलेल्या बाईच्या ओव्हरीत, म्हणजे अंडाशयात, तिच्याच कमरेच्या हाडातून काढलेल्या स्टेम सेल, म्हणजे मूलपेशी, सोडल्या की ओव्हरी पुन्हा कामाला लागते, असं सांगितलं जातं. राजेंद्रनगरातलं हळदीकुंकू असो की रामबागेतली भिशी, कुणाची तरी सून, कुणाची तरी भाची ‘ते करून आलेली’ असते. मग लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, शरीर तिचं, पैसे तिचे, विज्ञान एवढं पुढे गेलं असताना तुम्ही कोण अडवणार? दुसरा म्हणतो, हे सगळे लुबाडण्याचे धंदे आहेत, देवानं दिलं नाही तर दत्तक घ्यावं आणि मोकळं व्हावं. मी आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, त्यामुळे दोन्हीकडची मंडळी निवाड्यासाठी माझ्याकडे बघतात. पण या वादात मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही. हा उपचार अजून सिद्ध झालेला नाही, म्हणजे तो प्रयोग आहे. प्रयोग असेल तर त्याचा खर्च कुणी करायचा? फसलेल्या प्रयोगांचा हिशेब कुणी ठेवायचा? आणि काही बिघडलं तर भरपाई कुणी द्यायची?

माझं म्हणणं सरळ आहे. ओव्हरीसाठीची स्टेम सेल पद्धत संशोधनाला योग्य आहे, विक्रीला अजून नाही. ज्या बाईला ती हवी असेल तिला ती मिळावी, पण नोंदणी झालेल्या चाचणीत, तिच्याकडून एक पैसाही न घेता, आणि निकाल कसाही लागला तरी तो जाहीर होईल या अटीवर. दवाखान्यात पॅकेज म्हणून ती विकणं थांबलं पाहिजे. हे इंदूरमधूनच म्हटलं जावं असं मला वाटतं, कारण माणसांवरच्या प्रयोगांत काय घोळ होऊ शकतो ते या शहरानं पाहिलं आहे. त्यावर पुढे येतेच.

आधी शरीराकडे बघू. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या ओव्हरींत १० ते २० लाख स्त्रीबीजं असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. त्यातली उणीपुरी चार-पाचशेच आयुष्यभरात पिकून बाहेर पडतात, बाकीची आपोआप जिरून जातात. साठा हजाराच्या आसपास आला की पाळी जाते. हे चाळिशीच्या आत घडलं तर डॉक्टर त्याला प्रीमॅच्युअर ओव्हेरियन इन्सफिशियन्सी म्हणतात. पूर्वी शंभरात एका बाईला हे होतं असं मानत. अलीकडचे एकत्रित अभ्यास हा आकडा साडेतीनपर्यंत नेतात. केमोथेरपी, रेडिएशन, ओव्हरीवरची शस्त्रक्रिया, टर्नर सिंड्रोमसारखे गुणसूत्रांतले दोष, शरीराची स्वतःवरच उलटलेली प्रतिकारशक्ती अशी काही कारणं माहीत आहेत, पण बऱ्याच जणींच्या बाबतीत कारण हाती लागत नाही. अशा बाईला आपल्याकडे काय काय ऐकावं लागतं ते मी सांगायला नको. म्हणूनच ‘ओव्हरी पुन्हा जागी होते’ हे वाक्य तिच्या कानावर पडतं तेव्हा त्याचं वजन किती असेल, हे थोतांड-थोतांड म्हणणाऱ्यांनी आधी मनात आणावं.

या वाक्यामागे खरं विज्ञान आहे, हेही मान्य केलं पाहिजे. बीजांचा साठा जन्मानंतर वाढत नाही, असं ब्रिटिश शास्त्रज्ञ सॉली झुकरमन यांनी १९५१ मध्ये मांडलं आणि अर्धं शतक ते पाठ्यपुस्तकांत राहिलं. मीही तेच शिकवलं. २००४ मध्ये अमेरिकेतल्या जोनाथन टिली यांच्या गटानं उंदरांच्या ओव्हरीत नवी बीजं तयार करणाऱ्या मूलपेशी असल्याचा दावा केला, आणि २०१२ मध्ये माणसाच्या ओव्हरीतही. जगभर खळबळ उडाली. त्या कल्पनेवर कंपनी उभी राहिली, अशा पेशींतला मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग, काढून बीजात घालण्याची महागडी सेवा काही देशांत सुरू झाली. मग स्पेनमध्ये तीच गोष्ट तुलना करून तपासली गेली आणि फायदा दिसला नाही. २०२० मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी ओव्हरीच्या बाहेरच्या थरातली एकेक पेशी तपासली, तेव्हा ज्यांना बीज देणाऱ्या मूलपेशी समजत होते त्या रक्तवाहिन्यांभोवतीच्या पेशी निघाल्या. नवी बीजं तयार होण्याच्या कल्पनेला आज फारसा आधार उरलेला नाही.

सध्या जे केलं जातं ते वेगळं आहे. कमरेच्या हाडात सुई घालून अस्थिमज्जा काढतात, ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तिच्यातल्या पेशी वेगळ्या करतात आणि सोनोग्राफीत बघत किंवा दुर्बिणीतून ओव्हरीत टोचतात. या पेशींपासून बीज होत नाही. त्यांतून झिरपणारी द्रव्यं ओव्हरीतला रक्तपुरवठा सुधारतील आणि उरलीसुरली झोपलेली बीजं जागी करतील, अशी अपेक्षा असते. उरलंसुरलं काही असेल तर. जिच्या ओव्हरीत काहीच शिल्लक नाही, तिथे जागं कुणाला करणार? हा साधा प्रश्न सल्ल्याच्या वेळी किती ठिकाणी विचारला जातो?

पुरावा कितीसा आहे? स्पेनच्या व्हॅलेन्सियातल्या गटानं २०१८ मध्ये १७ बायकांवरचा अभ्यास छापला. अस्थिमज्जेतल्या पेशी ओव्हरीच्या धमनीतून सोडल्यावर ८१.३ टक्के जणींचे रिपोर्ट सुधारले. हा आकडा आता जाहिरातींत फिरतो. त्याच अभ्यासात तयार झालेल्या गर्भांपैकी गुणसूत्रांच्या दृष्टीनं निरोगी फक्त १६.१ टक्के होते, हा आकडा कुठे फिरताना दिसत नाही. गर्भधारणा पाच झाल्या, त्यातल्या तीन नैसर्गिकरीत्या. शिवाय या बायकांची ओव्हरी पूर्ण थांबलेली नव्हती, त्या आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बाळासाठीच्या उपचाराच्या, औषधांना कमी प्रतिसाद देणाऱ्या होत्या. चीनमध्ये नानजिंगच्या डॉक्टरांनी नाळेतल्या पेशी वापरून १४ जणींवर केलेला प्रयोग त्याच वर्षी छापला, दोघींना दिवस राहिले. आपल्या पुण्याच्या डॉक्टरांनीही २०१८ मध्येच ४५ वर्षांच्या एका बाईची हकीकत प्रसिद्ध केली, तिला बाळ झालं. हे सगळं आशा लावणारं आहे आणि ते छापणाऱ्यांनी संशोधकाचं कर्तव्य केलं. पण यांपैकी एकातही ‘असं काही न करता नुसत्या थांबलेल्या’ बायकांचा वेगळा गट नव्हता. तो का लागतो? कारण ओव्हरी अकाली थांबलेल्या बायकांपैकी सुमारे पाच टक्के जणींना कोणताही उपचार न करता दिवस राहतात, आणि अनेकींची पाळी मध्येच एखाद-दोन महिने परत येते. ज्या महिन्यात सुई टोचली त्यानंतर पाळी आली तर ती सुईमुळे आली की तशीही येणार होती, हे एकट्या बाईच्या रिपोर्टवरून कुणालाही सांगता येत नाही. ओव्हरीत रक्तातल्या प्लेटलेटचं द्रव्य, म्हणजे पीआरपी, टोचण्याची जी जोडपद्धत आहे तिची अशी तुलना झाली, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून. २०२४ मध्ये निकाल आला. कमी प्रतिसाद देणाऱ्या, ३८ वर्षांखालच्या बायकांत पक्व बीजांची संख्या वाढली नाही. तोवर हजारो जणींना ती टोचून झाली होती.

हे आकडे मी एवढ्या तपशिलानं सांगते आहे, कारण एक फाइल माझ्या हातात आली. माझी जुनी विद्यार्थिनी, वय ३२. ती फाइल घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघींनी एकेक कागद बाजूला ठेवला. एएमएच, म्हणजे बीजांचा साठा किती उरला ते सांगणारी रक्ततपासणी, जवळजवळ शून्य. पाळी बंद होऊन दोन वर्षं झालेली. ‘ओव्हेरियन रिज्युव्हिनेशन पॅकेज’ अशी पावती, रक्कम लाखाच्या वर. संमतिपत्र एका पानाचं आणि इंग्रजीत. ती शिकलेली आहे, पण पानावर वाचण्यासारखं होतंच काय? निकाल व्यक्तीनुसार बदलतील, दवाखाना जबाबदार नाही, खाली सही. चाचणी नोंदणीचा क्रमांक नाही, प्रयोगाच्या नैतिकतेवर नजर ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीचं नाव नाही, तक्रार कुठे करायची त्याचा नंबर नाही. सुई टोचल्यावर काही महिन्यांनी तिला एकदा पाळी आली. तिनं कळवलं, तिकडून अभिनंदन झालं. त्यानंतर पुन्हा आली नाही, आणि त्यानंतर तिकडून कुणी विचारलंही नाही. त्यांच्या वहीत ती यशस्वी केस म्हणून राहिली असणार.

त्या फाइलमधली दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करून गेली. दोन वर्षं पाळी नसलेल्या, तिशीतल्या या मुलीला कुणीही इस्ट्रोजेनची गोळी दिलेली नव्हती. हाडांची घनता तपासली नव्हती. तरुण वयात इस्ट्रोजेन बंद झालं की हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, झोप, मन, सांधे सगळ्यावर परिणाम होतो. म्हणून नैसर्गिकरीत्या पाळी जाण्याच्या वयापर्यंत, पन्नाशीच्या आसपास, हॉर्मोन देत राहावं असं जगभरातल्या मार्गदर्शक सूचना सांगतात, जोवर स्तनाच्या कर्करोगासारखं न देण्याचं ठोस कारण नसेल. ही गोळी स्वस्त आहे, जुनी आहे, सिद्ध झालेली आहे. तिच्यात बातमी नाही, पॅकेज नाही. मूल होणं-न होणं एवढ्याच चष्म्यातून बाईच्या ओव्हरीकडे पाहिलं की हे असं होतं. सासरचे मुलासाठी लाख रुपये उभे करतात आणि तिच्या हाडांसाठी महिन्याची गोळी कुणाच्या लक्षात येत नाही.

आता इंदूरबद्दल. २०१० च्या आसपास उघडकीला आलं की इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयांत आणि खाजगी ठिकाणी कंपन्यांच्या औषधांच्या चाचण्या गरीब रुग्णांवर, लहान मुलांवरसुद्धा चालल्या होत्या, आणि आपल्यावर प्रयोग होतो आहे हे अनेकांना ठाऊकच नव्हतं. विधानसभेत प्रश्न उठले, चौकश्या झाल्या. इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचनं २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयानं चाचण्यांवरच्या देखरेखीबद्दल केंद्राला कडक शब्दांत सुनावलं. त्याच महिन्यात चाचणीत इजा किंवा मृत्यू झाल्यास भरपाई देण्याचे नियम आले, पुढे संमती देतानाचं चित्रीकरण करण्याची अट आली. आज २०१९ चे नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम लागू आहेत, त्यात हे संरक्षण बांधलेलं आहे. देशभरातल्या रुग्णाला जे कवच मिळालं, त्याची सुरुवात आपल्या शहरातल्या दुःखातून झाली.

पण या प्रकरणाचा एक उलटा परिणाम इथल्या मनांवर राहिला आहे. ‘ट्रायल’ म्हटलं की इंदूरचा माणूस दचकतो. आमच्या मुलीवर प्रयोग नको, असं म्हणतो. तेच ‘ट्रीटमेंट’ म्हटलं की चौकशी न करता पैसे काढतो. नीट बघा, दोन्हीत फरक काय उरतो. चाचणीत गेलेल्या बाईला संमतिपत्र तिच्या भाषेत वाचून दाखवावं लागतं, एथिक्स कमिटी असते, इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळते, स्टेम सेलच्या चाचणीत तिच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत असा दंडक आहे, आणि तिच्या बाबतीत काय झालं ते कागदावर येतं. ‘ट्रीटमेंट’ घेणाऱ्या बाईला यातलं काहीच मिळत नाही. तिच्यावरही प्रयोगच होतो, फक्त तो तिच्याच खर्चानं होतो आणि त्यातून कुणी काही शिकत नाही. २०१२ मध्ये ज्या गोष्टीविरुद्ध हे शहर उभं राहिलं, तीच आज दागिने मोडून विकत घेतली जाते आहे.

समोरच्या बाजूचा सर्वांत जड मुद्दा वेळेचा आहे. चाचण्यांना दहा-दहा वर्षं लागतात, ३६ वर्षांच्या बाईकडे दहा वर्षं कुठे आहेत? मला या प्रश्नाचं ओझं वाटतं. पण विक्री सुरू केल्यानं उत्तर लवकर मिळतं का? १९९० च्या दशकात अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगावर एक उपचार गाजत होता. केमोथेरपीचा अतिशय मोठा डोस द्यायचा आणि आधी काढून ठेवलेल्या रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी परत घालायच्या. विमा कंपन्या म्हणाल्या, हे सिद्ध झालेलं नाही. लोक रस्त्यावर आले, कोर्टात गेले. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका खटल्यात ज्यूरीनं विमा कंपनीला ८ कोटी ९० लाख डॉलरचा फटका दिला. मग कंपन्या पैसे देऊ लागल्या, हजारो बायकांनी हा उपचार घेतला. पण बाहेर थेट मिळत असताना चिठ्ठी टाकून गट ठरवणाऱ्या चाचणीत कोण येणार? चाचण्यांना रुग्णच मिळेनात. निकाल यायला १९९९ उजाडलं, आणि तो उपचार नेहमीच्या केमोपेक्षा सरस ठरला नाही. ज्या एका दक्षिण आफ्रिकी अभ्यासात मोठा फायदा दिसला होता, त्याच्या प्रमुखानं पुढच्या वर्षी संशोधनात अप्रामाणिकपणा केल्याचं कबूल केलं. कित्येक जणींनी शेवटचे महिने त्या यातनांत काढले होते. ज्यांच्याकडे वेळ नाही त्यांच्या नावानं विक्री सुरू झाली आणि त्यांच्याच पुढच्या बहिणींना उत्तर उशिरा मिळालं.

‘स्वतःच्याच पेशी, अपाय काय होणार?’ हा दुसरा मुद्दा. २०१७ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातल्या तीन वयस्कर बायकांची हकीकत वैद्यकीय मासिकात आली. नजर सुधारावी म्हणून त्यांच्याच चरबीतल्या पेशी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत टोचल्या. तिघींचीही दृष्टी गेली. त्यांनी पाच-पाच हजार डॉलर भरले होते, आणि आपण संशोधनात भाग घेतोय असा त्यांतल्या काहींचा समज होता. डोळा आणि ओव्हरी एक नाही, हे मला कळतं. ओव्हरीवरच्या प्रयोगांत आजवर असं काही भयंकर समोर आलेलं नाही, हेही खरं. पण आपल्याच शरीरातली गोष्ट भलत्या जागी नेली तर ती निरुपद्रवी राहीलच, हे कुठल्या नियमानं? आणि गर्भधारणेच्या बाबतीत अपाय कधीकधी पुढच्या पिढीत दिसतो. गर्भपात टळावा म्हणून डीईएस नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन १९४० च्या दशकापासून गरोदर बायकांना दिलं जात होतं. १९५३ मध्येच शिकागोच्या चाचणीत दिसलं की त्याचा उपयोग नाही. तरी डॉक्टर लिहून देत राहिले, कारण ‘अपाय तर नाही ना’. १९७१ मध्ये कळलं की त्या बायकांच्या मुलींना योनीमार्गाचा दुर्मीळ कर्करोग होतो आहे. सुई, भूल, जंतुसंसर्ग हे धोके तर वेगळेच, आणि माझ्या मते सर्वांत मोठा अपाय वेळ आणि पैसा जाण्याचा आहे. जिला डोनर एग, म्हणजे दुसऱ्या बाईचं बीज, घेऊन आई होता आलं असतं, तिचे ते पैसे आणि ती दोन वर्षं या पॅकेजात जातात.

मग सुभाष मुखर्जींचं नाव निघतं, आणि ते निघायलाच हवं. कोलकात्याच्या या डॉक्टरांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी दुर्गा, भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, जन्मली, जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळानंतर ७० दिवसांनी. सरकारी समितीनं त्यांचा दावा फेटाळला, त्यांना परदेशी जाऊन काम मांडू दिलं नाही, बदली केली. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. तुमच्यासारखे नियम-नियम म्हणणारेच असे माणूस मारतात, असं मला तोंडावर ऐकवलं गेलं आहे. हा आरोप मी झटकून टाकत नाही. विषय न समजणाऱ्या समितीच्या हातात नियम दिले की काय होतं, त्याचा हा देशातला सर्वांत लाजिरवाणा दाखला आहे. पण मुखर्जींना न्याय कशामुळे मिळाला? त्यांनी हातानं लिहून ठेवलेल्या नोंदींमुळे. १९८६ मध्ये मुंबईत आयव्हीएफनं बाळ जन्माला आणणाऱ्या चमूतले शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांनी १९९७ मध्ये त्या नोंदी वाचल्या आणि पहिलेपणाचा मान आपल्याकडून काढून मुखर्जींना दिला. इंग्लंडमध्ये जगातलं ते पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आणणाऱ्या एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांनाही १९७१ मध्ये तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं पैसे नाकारले होते. तरी १९६९ ते १९७८ या काळात त्यांच्याकडे आलेल्या २८२ बायकांच्या वह्या शिल्लक आहेत, आणि त्यातून जन्मलेली बाळं दोन, हेही त्यांतूनच कळतं. २८० जणींचं अपयश त्यांनी लपवलं नाही. आज स्टेम सेलचं पॅकेज विकणाऱ्या दवाखान्यानं आपल्या सगळ्या बायकांची, आलेल्या आणि परत न आलेल्या, अशी वही उघडी करावी. मुखर्जींचं नाव घेण्याचा अधिकार त्याला मी लगेच देईन.

धीर धरल्यानं उपचार मरतो असंही नाही. कर्करोगाच्या उपचारांआधी ओव्हरीचा तुकडा गोठवून नंतर परत बसवण्याच्या पद्धतीतून पहिलं बाळ २००४ मध्ये बेल्जियममध्ये जन्मलं. पुढे अशी बाळं वाढत गेली, नोंदी होत गेल्या, आणि २०१९ मध्ये अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या संस्थेनं तिच्यावरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला. पंधरा वर्षं लागली. आज केमो घ्यायला निघालेल्या मुलीला हा पर्याय विश्वासानं सांगता येतो. इंदूरला खरगोन, धार, झाबुआहून केमोसाठी येणाऱ्या मुलींना पहिल्या डोसाआधी हे कुणी सांगतं का, हा मला ‘रिज्युव्हिनेशन’पेक्षा मोठा प्रश्न वाटतो.

‘तिचा निर्णय’ हा मुद्दा मी शेवटी ठेवला, कारण तो मला मनापासून मान्य आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा समाज त्यांच्यावर तुटून पडला, त्यांना नोकरी सोडावी लागली. बाईच्या शरीराबद्दल तिला माहिती देऊ नका, तिला ठरवू देऊ नका, असं म्हणणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे आणि ‘दत्तक घ्या, मोकळ्या व्हा’ म्हणणारे तिचेच वारस आहेत. दत्तक हा सुंदर निर्णय आहे, पण तो दुसऱ्यानं हुकूम म्हणून सोडायचा नसतो. मी खजराण्याच्या गणपतीच्या मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढताना कित्येक बायका पाहिल्या आहेत, त्यांच्या आशेला नावं ठेवायचं मला कधी सुचलं नाही. तिथे त्यांना कुणी यशाची टक्केवारी दाखवत नाही, मंगळसूत्र गहाण ठेवायला लावत नाही. दवाखान्यात टक्केवारी दाखवली जाते, म्हणून ती खरी असण्याची जबाबदारी येते. अर्धवट आकड्यांवर घेतलेला निर्णय तिचा कसा? आणि आपल्या घरांत तो किती वेळा तिचा एकटीचा असतो? सासूबाई, नवरा, नणंद यांच्या देखत ‘शेवटचा एक प्रयत्न’ नाकारणं किती जणींना जमतं? ‘हा उपचार सध्या फक्त चाचणीत मिळतो’ असा नियम असेल तर त्या नियमाच्या आडोशाला तिला नाही म्हणता येईल.

नियम आहेत, पण फट मोठी आहे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही आजारांसाठी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाला मान्यता आहे, स्टेम सेलचा बाकी सगळा वापर मंजूर चाचणीतच. ऑटिझमच्या बाबतीत राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळानं २०२२ मध्ये सांगितलं की स्टेम सेल हा उपचार म्हणून देऊ नये, दिल्यास ते व्यावसायिक गैरवर्तन. ओव्हरीबद्दल अशी थेट सूचना हवी. दुसरीकडे २०१९ च्या नियमांत ‘स्टेम सेलपासून बनलेलं उत्पादन’ नवं औषध मानलं आहे, पण पेशींवर मोठी प्रक्रिया केली असेल तरच. अस्थिमज्जा नुसती फिरवून त्याच बैठकीत परत टोचली तर ते औषधच नव्हे, असं म्हणत दवाखाने निसटतात. पेशी कमरेतून काढून ओव्हरीत, म्हणजे पूर्णपणे वेगळ्या कामासाठी घातल्या तर तो औषधाचाच वापर समजावा, एवढी एक ओळ नियमांत आली तरी ही फट बुजेल.

२०१३ नंतर देशात चाचण्यांच्या परवानग्या एकदम घटल्या आणि चांगलं संशोधनही रखडलं, हा डॉक्टर मंडळींचा आक्षेप मला मान्य आहे. त्यावर उपाय चाचणीशिवाय विकणं हा नव्हे, चाचणी सोपी करणं हा आहे. इंदूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, खाजगी आयव्हीएफ केंद्रं आहेत, माळवा-निमाडातून येणाऱ्या बायका आहेत. आयसीएमआरच्या पैशानं, दोन गट पाडून, इथे अशी चाचणी का होऊ नये? खाजगी केंद्रांनी पॅकेज विकण्याऐवजी आपल्या रुग्णांना तिकडे पाठवावं. दोन्ही गटांतल्या प्रत्येकीला पहिल्या दिवसापासून हाडांची तपासणी आणि, चालत असेल तर, इस्ट्रोजेन मिळावं. संमतिपत्र हिंदी, मराठी, निमाडीत असावं. दोन वर्षांनी निकाल जाहीर व्हावा, ओव्हरी जागी झाली तरी आणि नाही झाली तरी. आमच्या महिला मंडळांनी पुढच्या कार्यक्रमाला स्टेम सेलच्या डॉक्टरांना व्याख्यानाला बोलवलं तर पहिल्या रांगेतून त्यांना क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक विचारावा, आणि तो मिळेपर्यंत दुसरा प्रश्न विचारू नये. माझ्या त्या विद्यार्थिनीला आता हॉर्मोन सुरू झाले आहेत, डोनर एगबद्दल ती आणि तिचा नवरा विचार करत आहेत, आणि इथे नीट चाचणी सुरू झाली तर आपण त्यात नाव देऊ असं तिनं मला स्वतःहून सांगितलं.